पेढीवरील गुमास्ता : कायदा आणि श्रावकधर्म

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिरूर-दौंड परिसरातील व्यापाऱ्यांच्या कर्तृत्वाविषयी पुष्कळ लिहिले जाईल आणि ते उचितच आहे. तथापि ज्यांच्या हातांनी आपल्या पेढ्या चालल्या, त्या दिवाणजी, गुमास्ते व हमालांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. म्हणून हे अल्पसे टिपण सादर करीत आहे.

दुकानाच्या नोंदणीस आपण सर्रास ‘गुमास्ता परवाना’ म्हणत आलो. परवाना मालकाचा, नाव मात्र नोकराचे! याचे कारण त्या कायद्याच्या हेतूतच आहे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. ती मिळावी म्हणून झटले ते नारायण मेघाजी लोखंडे. हे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

दुकानातील नोकरास मात्र पुढे जवळजवळ अर्धे शतक वाट पाहावी लागली. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी कायदा केला. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच. त्याची जागा घेणाऱ्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग ५ तासांच्या कामानंतर विश्रांती दिली आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक केले. किमान वेतनाचा कायदाही त्याच वर्षी झाला. पाठीवर गाठी वाहणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला.

आपणा श्रावकांना यात नवीन काय होते? अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभार’ व ‘भक्तपानविच्छेद’ हे दोन आहेत. आश्रितावर शक्तीबाहेर ओझे लादणे हा पहिला, त्याचे अन्नपाणी रोखणे हा दुसरा. प्रतिक्रमणात आपण ते नित्य उच्चारतो. पण बैलावरील ओझे आपल्याला जितके सहज दिसते, तितके दुकानाच्या पायरीवर रात्री उशिरापर्यंत ताटकळणाऱ्या नोकरावरील ओझे दिसत नाही. ते दाखविण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

हे मी इतरांना उद्देशून लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या कापडदुकानात एक गुमास्ते होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री रोकड जुळेपर्यंत ते दुकानात असत. कोणत्या गिऱ्हाइकापुढे कोणता तागा उलगडावा, हे त्यांच्याइतके आम्हा कोणालाच कळत नव्हते. तीस वर्षांच्या सेवेनंतर दृष्टी अधू झाल्याने ते घरी बसले. मी नुकताच बी.कॉम. होऊन गादीवर बसू लागलो होतो. वडिलांनी विचारले, “कायद्याने यांना काय द्यावे लागते?” मी ऐटीत उत्तर दिले, “१९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक नोकर असतील तरच लागतो. आपले चारच.” विषय तिथेच संपला. शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला आणि मुलीच्या लग्नासाठी त्यांनी घेतलेली उचल शेवटच्या पगारातून वळती केली गेली.

पुष्कळ वर्षांनी जुनी खतावणी चाळताना मी हिशेब मांडला. दरवर्षी १५ दिवसांप्रमाणे तीस वर्षांचे ४५० दिवस. महिन्याचे २६ दिवस धरले तर सतरा महिन्यांहून अधिक पगार. तोवर काका निवर्तले होते. दर संवत्सरीला मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले होते, पण हा हिशेब कधी केला नव्हता. त्यानंतर आमच्या दुकानात प्रत्येक नोकराच्या नावे वर्षाला १५ दिवसांचा पगार वेगळा काढला जातो. हे दान नव्हे, देणे आहे. म्हणून ते धर्मादाय खात्यात लिहीत नाही.

आज हा विषय अधिकच निकडीचा आहे. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतून मुक्त केले. केवळ सूचना देणे पुरेसे ठरले. कामाच्या तासांची व साप्ताहिक सुटीची कलमेही त्यांना लागू राहिली नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना दिला. परंतु लहान दुकानातील नोकराची विश्रांती बहुतांशी मालकाच्या सद्बुद्धीवर सोपविली गेली आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांच्या दारी निरीक्षक जाईल. आपल्या लहान दुकानात बहुधा कोणी येणार नाही.

अशा वेळी व्रत हाच आपला निरीक्षक. नव्या पिढीच्या व्यापारी बंधूंना माझी एवढीच विनंती आहे, की नोकराचा हिशेब करताना “कायदा लागू होतो का?” हा प्रश्न शेवटी विचारावा. मी तो प्रथम विचारला, ही माझी चूक झाली.