पडद्यावरची नजर आणि गळ्यातील जखम

नांदेड-लातूरचा हा आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले. पुढाकार डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचा होता. भूल देताना रोगी का दगावतो, हा प्रश्न होता. लॉरींचे सांगणे असे की, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. यातला पहिला अर्धा उपदेश मोलाचा होता. दुसरा घातक होता. हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडते, हे १९११ साली लेव्ही यांनी प्रयोगाने दाखविले.

पुढे भुलीचे शास्त्र पालटले. ग्लासगोच्या मॅक्यूएन यांनी १८७८ साली तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून भूल दिली होती. १९४३ साली मॅकिन्टॉश यांचे वाकडे पाते आले. २००१ च्या सुमारास कॅनडातील शल्यवैद्य जॉन पेसी यांनी पात्याच्या टोकाशी कॅमेरा बसविला. स्वरयंत्र पडद्यावर दिसू लागले, आणि ज्यांच्या गळ्यात नळी घालणे कठीण, अशा रोग्यांची मोठी सोय झाली.

परंतु थोड्याच वर्षांत निराळ्या जखमांची वृत्ते येऊ लागली. मऊ टाळूला किंवा टॉन्सिलजवळच्या पडद्याला नळीने भोक पडलेले! कारण साधे आहे. कॅमेरा पुढचे दाखवितो. ओठांपासून कॅमेऱ्यापर्यंतची वाट त्याला दिसत नाही. पात्याने ताणलेल्या नाजूक त्वचेत, आत ताठ तार असलेली नळी त्याच वाटेवर रुतते, आणि वैद्याची नजर पडद्यावर खिळलेली असते.

उपाय बिनखर्चाचा आहे. पाते घालताना तोंडात पाहावे, मग पडद्याकडे. नळी घालताना पुन्हा तोंडात, आणि टोक कॅमेऱ्यासमोर आले की पडद्याकडे. जोर कधीच लावू नये. अशा जखमा विरळा असतात व बहुधा बऱ्या होतात. काहींना टाके घालावे लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर थुंकीत रक्त आले, गिळताना फार दुखले किंवा मान सुजली, तर रोग्याने तत्काळ सांगावे.

कामगार चळवळीने मला एक गोष्ट शिकविली : अपघात झाला की यंत्र निर्दोष आणि हात गुन्हेगार ठरतो. मग हात जखम लपवितो, आणि तीच जखम दुसऱ्याला होते. यंत्र घेताना ते शिकविण्याचा वेळही मोजून द्यावा. झालेली इजा कागदावर नोंदवावी, रोग्याला सांगावी. लॉरींच्या नजरेतून नाडी सुटली, आज तोंड सुटते. दोन्ही वेळा त्याची किंमत भरली ती बेशुद्ध पडलेल्या माणसाने.