वारसा, वेतन आणि कराचा न्याय

धंतोलीत वारशाचा विषय कोणास परका वाटू नये. वकिलांचे जुने बंगले आणि डॉक्टरांची रुग्णालये यांच्या या वस्तीत आजोबांची वास्तू नातवाच्या नावे होते, तेव्हा महापालिकेचा घरकर तेवढा चालू राहतो. वारसा मिळाला म्हणून सरकार एक पैसाही मागत नाही. पूर्वी तसे नव्हते.

१५ ऑक्टोबर १९५३ पासून या देशात मृत्युकर लागू झाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांच्या सनदी नोकरीची पहिली वर्षे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली होती. एक लाखापर्यंतची मिळकत, आणि एकत्र हिंदु कुटुंबातील हिस्सा असल्यास पन्नास हजारांपर्यंतची, करमुक्त होती. सर्वांत मोठ्या मिळकतींवरचा दर आरंभी ४० टक्के होता, तो पुढे ८५ टक्क्यांवर गेला. परंतु मूल्यांकनाचे तंटे वाढले, आणि १९५७च्या संपत्तिकरामुळे एकाच मिळकतीवर दोन कायदे चालू लागले. उत्पन्न अवघे वीस कोटींच्या घरात राहिले. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो कर रद्द केला. २०१५ साली संपत्तिकरही गेला.

आता दुसरी बाजू पाहू. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर आला. पगारदाराच्या वेतनातून तो परस्पर कापला जातो. शहरातल्या पगाराने खेड्यातल्या रिकाम्या हातांस काम द्यावे, हे तत्त्व आम्ही थोर मानतो. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती मापाची. घटनेच्या २७६व्या कलमाने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ साली ती २५०० झाली. महिना पंधरा हजार मिळविणारा पुरुष कामगार २५०० भरतो, म्हणजे शंभरास सुमारे १ रुपया ४० पैसे. वर्षाला कोटी मिळविणाराही २५००च भरतो, म्हणजे शंभरास अडीच पैसे. एका द्वारसभेत एकाने आम्हांस विचारले, "साहेबाचे अडीच हजार, अन् माहे बी अडीच हजारच का जी?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

मृत्युकर जसाच्या तसा परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. घर आहे पण रोकड नाही, अशा विधवेच्या दारी जप्ती नेणारा कर कोणास हवा? राहते घर सोडावे, सामान्य मिळकत सोडावी. पण श्रमावाचून हाती आलेल्या कोट्यवधींनी समाजास काहीच देऊ नये आणि घामाच्या पगाराने दरमहा द्यावे, ही वाटणी न्यायाची नव्हे. मृत्युकराचे यंत्र बिघडले म्हणून आपण तत्त्वच मोडीत काढले. व्यवसायकराचे तत्त्व चांगले म्हणून त्याचे वाकडे माप मात्र चालू दिले. श्रोत्यांनी घरी जाऊन आपले पगारपत्रक आणि आपले वारसपत्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.