पाण्याची बचत आणि पालिकेची बक्षिसी

पाणी वाचवणारी इमारत बांधा, आम्ही सवलत देतो, असे आज आपल्या महापालिका सांगत आहेत. पुण्यात पावसाचे पाणी साठवणे, गांडूळखत आणि सौरऊर्जा यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट ठेवण्यात आली. मुंबईत २००२ साली हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पर्जन्यजल-संधारण सक्तीचे झाले, २००७ मध्ये ही मर्यादा तीनशेवर आणली गेली. २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिने 'हरित' इमारतीला मानांकनानुसार तीन, पाच किंवा सात टक्के वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. या गोष्टींना विरोध करण्याचे मला कारण नाही. पाणी वाया जाऊ नये हे कोणीही सांगेल. परंतु पालिका, पैसा आणि पाणी या तिघांचा संबंध आपल्याला नवा नाही, आणि त्याचा इतिहास या योजना आखणाऱ्यांच्या गावीही नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, कागद फायलीत गेला, आणि तळ्यावर पूर्वीप्रमाणेच गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. हे एकट्या महाडचे नव्हते. म्हणूनच ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये.

या दुसऱ्या ठरावाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बोले हे भंडारी समाजातले, स्थानिक कारभाराचा अनुभव असलेले गृहस्थ. उपदेशाने पालिका हलत नाही, तिची थैली आवळली तरच हलते, हे त्यांनी ओळखले होते. आज ज्याला आपण प्रोत्साहन म्हणतो त्याचीच ही उलटी बाजू. फरक एवढाच की तेव्हा पैशाचा धाक पाणी सर्वांना मिळावे म्हणून घालायचा होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. नंतर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! डिसेंबरात दिवाणी दावा लागला. तळे खाजगी आहे असे वादींचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने दिला, म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयात गेला.

आता आजच्या सवलतीचे गणित पाहा. मूळ चटईक्षेत्र ११,००० चौरस मीटर असलेल्या प्रकल्पाला सात टक्के म्हणजे ७७० चौरस मीटर जादा बांधकाम मिळते. झोपडपट्टी पुनर्वसनातली तीनशे चौरस फुटांची सत्तावीस घरे तेवढ्यात बसतात. ही बक्षिसी कोणाला? ज्याच्याजवळ जमीन आहे त्याला. मिळकतकरातली सूट कोणाला? ज्याच्या नावावर मिळकत आहे त्याला. नाल्याकाठच्या वस्तीतली बाई दोन हंड्यांत घर चालवते. धुण्याचे पाणी मोरीला, मोरीचे संडासला. या शहरात तिच्याएवढी पाण्याची बचत कोण करतो? पण तिच्या बचतीला मानांकन नाही. उलट मुंबईत ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिका नळच देत नव्हती. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावे लागले. त्याच निकालात, अनधिकृत झोपडीला इतरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, असेही आहे. कार्यकर्त्यांनी निकाल पूर्ण वाचावा.

आणखी एक गोष्ट. या हरित संकुलांत सांडपाणी शुद्ध करून संडासाला, बागेला वापरतात. त्यासाठी तळघरात टाक्या असतात. त्या साफ करायला कोण उतरतो? हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ चा आहे, तरी अशा टाक्यांत गुदमरून कामगार मेल्याच्या बातम्या पुण्या-मुंबईतून येतच असतात. मेलेल्यांची आडनावे वाचली की जात वेगळी विचारावी लागत नाही. मानांकनाच्या तक्त्यात लिटर मोजतात.

तेव्हा सवलती रद्द करा असे मी म्हणत नाही. बोल्यांच्या १९२६ च्या ठरावाची अट त्यांना लावा, एवढेच माझे मागणे आहे. ज्या प्रभागात एका वस्तीला नळ नाही, त्या प्रभागात जादा चटईक्षेत्र मंजूर करू नये. ज्या संकुलाची टाकी माणूस उतरवून साफ होते, त्याचे मानांकन आणि करातली सूट त्याच वर्षी काढून घ्यावी. असा ठराव मांडायला एक नगरसेवक पुरतो. येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांपुढे हा कागद ठेवायला हरकत नाही.