वेन राजावरचे बदलते आरोप

ऋग्वेदात वेनाचे नाव भेटते ते दात्यांच्या रांगेत. दहाव्या मंडलातल्या ९३ व्या सूक्ताच्या शेवटी कवी आपल्या आश्रयदात्यांची नावे घेतो. दुःशीम पृथवान, वेन, राम अशी ती नावे आहेत. त्यांच्यापुढे आपण हे सूक्त म्हटले, एवढे सांगून तो त्यांच्या दानाकडे वळतो. पुराणांनी ज्याला यज्ञ बंद पाडणारा जुलमी राजा ठरवले तो हाच वेन, असे नुसत्या नामसाम्यावरून म्हणता येणार नाही. मुलाच्या बाबतीत मात्र धागा अधिक पक्का आहे. आठव्या मंडलात पृथीचे नाव ‘वैन्य’, म्हणजे वेनाचा मुलगा, या ओळखीसह येते आणि दहाव्या मंडलातले १४८ वे सूक्त परंपरा याच वैन्याच्या नावावर लावते. बापाचे नाव लावून मुलाला गौरवाने हाक मारली जात होती. त्या काळी ते नाव कलंकित असते तर असे घडणे कठीण होते.

ब्राह्मणग्रंथांपर्यंत हेच चित्र टिकते. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात विराज् ही गाय माणसांकडे येते. मनू वैवस्वत तिचे वासरू होतो, पृथ्वी हे भांडे होते आणि पृथी वैन्य तिची धार काढतो. दुधातून निघतात शेती आणि धान्य. शतपथ ब्राह्मणाच्या पाचव्या कांडात राजसूयाच्या प्रसंगी सांगितले आहे, की माणसांमध्ये पहिला अभिषेक पृथी वैन्याला झाला. सगळे अन्न आपल्या हाती यावे अशी त्याची इच्छा होती आणि ती इतकी सफल झाली, की लोक रानातल्या जनावरांनाही नाव घेऊन बोलावत: इकडे ये, राजाला तुला शिजवायचे आहे. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. शेती, अन्न आणि रानावरचा ताबा, पहिल्या राजाची ही तीन कामे इथे सरळ मांडली आहेत. बापाच्या अपराधाविषयी मात्र एक अक्षर नाही.

कौटिल्याचे मौनही इथे विचारात घ्यायला हवे. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात, इंद्रिये ताब्यात न ठेवल्यामुळे नाश पावलेल्या राजांची यादी आहे. दांडक्य भोज, कराल वैदेह, जनमेजय, तालजंघ, ऐल, अजबिंदू, रावण, दुर्योधन, हैहय अर्जुन असे सगळे तीत आहेत, वेन नाही. मौनावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण जुलमी राजाचे उदाहरण म्हणून पुढे वेनाचेच नाव आधी आठवावे अशी स्थिती झाली, ती कौटिल्यापुढे नव्हती एवढे तरी या यादीवरून दिसते.

मनुस्मृतीत आरोप येतो, आणि तोही एक नव्हे, दोन. सातव्या अध्यायात, अविनयाने नष्ट झालेल्या राजांमध्ये वेनाचे नाव पहिले आहे. लगेच पुढच्या श्लोकात पृथूला, म्हणजे जुन्या ग्रंथांतल्या पृथीला, विनयामुळे राज्य मिळाल्याचे म्हटले आहे. नवव्या अध्यायातला आरोप अगदी वेगळा आहे. विधवेला दिराकडून संतती, म्हणजे नियोग, ही चाल वेनाच्या राज्यात माणसांमध्ये सुरू झाली आणि त्यातून वर्णसंकर माजला, असे तिथे येते. गंमत म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून हे नोंदवायला हवे, की त्याच ठिकाणी वेनाला राजर्षींमध्ये श्रेष्ठ म्हटले आहे. जुना मान आणि नवा दोष दोन्ही एका श्लोकात शेजारी बसले आहेत.

पूर्ण कथा महाभारताच्या शांतिपर्वात, ५९ व्या अध्यायात येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे पर्व श्री. कृ. बेलवलकरांनी संपादित केले आणि वेनाची हकीकत तिथे मूळ संहितेत आहे. प्रसंग मोठा आहे. युद्ध संपले आहे, भीष्म शरपंजरी आहे आणि युधिष्ठिर विचारतो: राजाचे हात, मान, जन्म, मरण, सुखदुःख सगळे इतरांसारखेच, मग एकटा माणूस शूर आणि शहाण्या माणसांवर राज्य कसे करतो? उत्तरादाखल भीष्म राजसत्तेची वंशावळ सांगतो. तिच्यात मृत्यूची कन्या सुनीथा हिच्या पोटी वेन येतो. रागद्वेषांच्या आहारी जाऊन तो प्रजेशी अधर्माने वागला म्हणून ऋषींनी मंत्राने पवित्र केलेल्या दर्भांनी त्याला मारले. आरोप एवढाच. यज्ञबंदी नाही, नियोग नाही. मग ऋषी त्याची आधी उजवी मांडी घुसळतात आणि नंतर उजव्या हाताच्या मंथनातून कवच, तलवार आणि धनुष्य घेतलेला पृथू निघतो. त्याला राज्य देण्याआधी देव आणि ऋषी शपथ घ्यायला लावतात: मनाने, कृतीने आणि वाणीने पालन करीन, मनमानी करणार नाही. त्यातच ब्राह्मणांना दंड करणार नाही असेही कलम आहे. शपथ लिहून घेणाऱ्यांनी स्वतःची सोय पाहिली, हे उघड आहे. तरीही राजाचे राज्य वचनावर उभे असते ही गोष्ट इथे कथेत पक्की झाली. अनुशासनपर्व तर आणखी पुढे जाते. रक्षणाचे वचन देऊन रक्षण न करणाऱ्या राजाला प्रजेने एकत्र येऊन मारावे, असे ते स्वच्छ सांगते. तिथे ऋषी लागत नाहीत.

हरिवंशात तपशील बदलतो, आणि तो अंगावर येणारा आहे. इथे वेन यज्ञ थांबवतो आणि म्हणतो की यज्ञ करायचा तो माझा करा. मरीची आदी ऋषी समजावतात, तो हसतो. त्यावर ऋषी त्याला धरतात आणि तो धडपडत असतानाच त्याची डावी मांडी घुसळतात. आधी मृत्यू आणि मग मंथन हा शांतिपर्वातला क्रम इथे नाही, आणि मांडीही उजवीऐवजी डावी आहे. शेवटी पृथूसारखा पुत्र झाल्यामुळे वेन नरकातून सुटतो आणि स्वर्गाला जातो.

वेनाला स्वतःचा युक्तिवाद मिळतो तो विष्णुपुराणात, पहिल्या अंशाच्या तेराव्या अध्यायात. यज्ञ करू नका, दान देऊ नका, अशी त्याची आज्ञा. ऋषी म्हणतात, आम्ही दीर्घ सत्राने हरीची पूजा करू, त्यात तुझाही वाटा असेल. वेन विचारतो, माझ्याहून मोठा हा हरी कोण? ब्रह्मा, विष्णू, शंभू, इंद्र, वायू, यम, सूर्य, अग्नी, वरुण, चंद्र, सगळे देव राजाच्या शरीरात आहेत. हा वेडाचा झटका नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा आठ देवांच्या अंशांपासून घडवल्याचे सांगितले आहे, आणि पोरसवदा राजालाही केवळ माणूस समजून तुच्छ लेखू नये अशी ताकीद आहे. ते आठ देव वेनाच्या यादीशी ताडून पाहिले तर सात जुळतात, फक्त कुबेर राहतो. भागवताच्या चौथ्या स्कंधात हेच भाषण पुन्हा येते आणि तिथे कुबेरही हजर आहे. आठच्या आठ पूर्ण होतात. म्हणजे वेन शास्त्रातलेच बोलत होता. त्याने त्यात वरचे तीन देव घातले आणि निष्कर्ष शेवटपर्यंत नेला. दोन्ही पुराणांत ऋषी त्याच्या युक्तिवादाला उत्तर देत नाहीत. त्याने यज्ञपुरुषाची निंदा केली, तेव्हा मारा याला, एवढेच म्हणतात. राजा देव आहे हे तत्त्व सोडायचे नव्हते आणि या राजाला ठेवायचेही नव्हते. ही अडचण पुराणकारांनी लपवली नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

भागवतकार आणखी प्रामाणिक आहे. खेळगड्यांना जनावरासारखे मारणारा मुलगा, त्याला कंटाळून मध्यरात्री घर सोडून गेलेला बाप अंग, आणि अराजकाच्या भीतीने, प्रधानांच्या मनाविरुद्ध, वेनाला गादीवर बसवणारे खुद्द ऋषी, हे सगळे तो सांगतो. वेन गादीवर येताच चोर सापाला भ्यालेल्या उंदरांसारखे दडून बसले, हेही नोंदवतो. वेन मेल्यावर धुळीचे लोट उठतात, कारण चोर मोकळे सुटलेले असतात. सुनीथा मुलाचे शव जपून ठेवते, म्हणूनच पुढे मंथन होऊ शकते. पद्मपुराणाच्या भूमिखंडात आरोप पुन्हा बदलतो. तिथे मोरपिसांचा कुंचा घेतलेला नग्न साधू वेनाला अर्हताचा धर्म शिकवतो. तो भाग लिहिणाऱ्याला जैनांशी वाद घालायचा होता आणि त्यासाठी वेन हाताशी होता.

एक गोष्ट मात्र शांतिपर्वापासून भागवतापर्यंत कायम राहते. मांडीतून पृथूच्या आधी एक माणूस निघतो: ठेंगणा, काळा, लाल डोळ्यांचा. भागवतात तो नम्रपणे विचारतो, मी काय करू? ऋषी सांगतात, खाली बस. वेनाचे भयंकर पाप त्याने जन्मतानाच स्वतःवर घेतले आणि त्याचे वंशज निषाद म्हणून डोंगररानांत राहिले. शांतिपर्व त्यांना विंध्यातल्या लाखो म्लेच्छांसोबत मोजते. पाप केले राजाने, ते लादले गेले रानातल्या लोकांवर. पहिल्या राजाची सत्ता रानापर्यंत पोचल्याचे शतपथ ज्या सहजपणे सांगते, त्यापुढे ही निषादकथा वाचली की रानातल्या माणसांना बाहेर ठेवण्याचे कारण नंतर रचले गेले असे माझे मत होते.

त्याला आधार जुन्या ग्रंथांतच आहे. श्रावणात आजही अनेक घरांत म्हटल्या जाणाऱ्या रुद्रात सुतार, रथकार, कुंभार, लोहार यांच्याबरोबर निषादांना नमस्कार आहे. यास्काच्या निरुक्तात औपमन्यवाचे मत दिले आहे, की ऋग्वेदातले पाच जन म्हणजे चार वर्ण आणि पाचवा निषाद. आणि जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात, प्रश्न उभा राहतो: रुद्राची इष्टी करण्यास सांगितलेला ‘निषादस्थपती’ म्हणजे निषादांवर सत्ता असलेला त्रैवर्णिक, की स्वतः निषाद असलेला प्रमुख? वेदाधिकाराची अडचण समोर असूनही मीमांसकांनी निर्णय दिला, की तो निषादच, आणि ही इष्टी करण्याचा अधिकार त्याला आहे.