टर्बो गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचाय? पैसे भरण्याआधी हे तपासा

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारखी २ लिटर टर्बो पेट्रोल गाडी. एक दिवस 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर 'पी०४२०' हा कोड दाखवतो आणि मेकॅनिक सांगतो, "कन्व्हर्टर गेला." कंपनीचा पार्ट महाग असतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं २०० सेलचा टाका, कोणी म्हणतं काढूनच टाका, पिकअप वाढेल. पण निवड करायची कशी?

कन्व्हर्टर नेमकं काय करतो?

धातूच्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचं रूपांतर इथे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजनमध्ये होतं. हे काम साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसनंतर नीट सुरू होतं. म्हणून अशा गाड्यांत कन्व्हर्टर टर्बोला अगदी चिकटून असतो. पण जोरात चालवताना तिथलं तापमान ८०० अंशांच्या वर जाऊ शकतं. स्वस्त कन्व्हर्टर इथेच मार खातो.

आधी कारण शोधा

कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. टर्बोच्या सीलमधून ऑइल गळत असेल, तर ऑइलमधले फॉस्फरस आणि झिंक जाळीवर बसतात. मिसफायर होत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते. मूळ बिघाड तसाच राहिला, तर नवा कन्व्हर्टरही काही महिन्यांत जाऊ शकतो.

कधी कधी कन्व्हर्टर ठणठणीत असतो. एक्झॉस्टमधल्या गळतीमुळे किंवा खराब ऑक्सिजन सेन्सरमुळेही हाच कोड येतो. त्यामुळे या दोन्ही गोष्टी आधी तपासून घ्याव्यात.

'सेल'चा आकडा म्हणजे काय?

जाळीच्या एका चौरस इंचात किती छिद्रं आहेत, तो हा आकडा.

- ४०० किंवा जास्त: धूर चांगला साफ होतो, अडथळा थोडा जास्त. रोजच्या वापरासाठी हाच योग्य.
- २००: बहुतेक वेळा धातूच्या पातळ पत्र्याची जाळी. धूर मोकळा जातो, टर्बो लवकर फिरतो. पण साफ करणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तोच कोड परत येऊ शकतो.
- १००: मुख्यतः रेस ट्रॅकसाठी.

पण आकडाच सगळं सांगत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूचं प्रमाण खूप वेगळं असू शकतं. संशयास्पद स्वस्त पार्टमध्ये बचत बहुधा तिथेच केलेली असते.

विकत घेताना काय पाहायचं?

इंजिन कोड आणि बीएस४ की बीएस६, हे जुळलं पाहिजे. पाइपचा व्यास, फ्लँज आणि सेन्सरची जागाही मूळ पार्टसारखीच हवी. परदेशी बनावटीचा असेल तर युरोपची 'ई' खूण आणि रेग्युलेशन १०३ची मान्यता पाहावी. ही मान्यता ठरावीक मॉडेलपुरती असते, त्यामुळे यादीत आपली गाडी आहे का, हे विचारावं. वॉरंटी लेखी घ्यावी.

काढूनच टाकला तर?

पिकअपमध्ये फरक जाणवतो, हे खरं. काही ट्यूनर सॉफ्टवेअरमधून दिवाही बंद करतात. पण दिवा विझला म्हणून धूर साफ होत नाही. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)नुसार पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पीयूसी मिळाली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलं जात नाही.

जुना कन्व्हर्टर सोडू नका

आतल्या धातूंमुळे जुन्या कन्व्हर्टरलाही भंगारात चांगला भाव येतो. तो गॅरेजमध्येच राहणार असेल, तर बिलातून त्याची किंमत वजा करून घ्यावी.