मांडवगडच्या बागा आणि दोन ओळींची थट्टा

मांडवगडचं, म्हणजे माळव्यातल्या मांडूचं, नाव निघालं की मराठी वाचकाला रूपमती आणि बाजबहादूर आठवतात, पडके महाल आठवतात, पावसाळ्यातलं धुकं आठवतं. या गडाच्या बागांचा इतिहासही मग त्याच उदास सुरात सांगितला जातो. त्याला आधार नाही असं नाही. 1574 मध्ये अकबरासाठी बांधलेल्या नीलकंठ महालात झऱ्याचं पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हळीतून कुंडात उतरतं, आणि तिथल्याच भिंतींवर फारसी ओळी कोरलेल्या आहेत. भक्करचा कवी मीर मासूम ‘नामी’ अकबराच्या दक्षिण मोहिमेच्या काळात इथे आला होता, त्याने त्या कोरवल्या. जिथे जाईल तिथे दगडावर कविता ठेवून येण्याची त्याला हौसच होती. एका चारोळीत उजाड राजवाड्याच्या शिखरावर बसलेलं घुबड गेलेल्या वैभवाचा जाब विचारतं. कविता छोटी, पण सूर स्मशानाचा. मला वाटतं, हा सूर बागेचा नाही, दगडाचा आहे. छिन्नी-हातोड्याने जे कायमचं ठेवायचं ते माणूस गंभीरच निवडतो. बागेत बसलेली माणसं एकमेकांना ऐकवत ती कविता आखूड असे, हलकी असे, बहुतेकदा हसवणारी असे. ती कोरायची गरज कुणाला वाटली नाही, एवढंच.

याचा पुरावा मांडूच्याच पोथ्यांत सापडतो. 1468 च्या सुमारास इथल्या मुहम्मद बिन दाऊदने ‘मिफ्ताह-उल-फुजला’ हा कोश रचला. जुन्या फारसी कवितेतले अडणारे शब्द उलगडून सांगणं हे त्याचं काम, आणि पुढे त्याची प्रत चित्रांनी सजवली गेली. शब्दाचा अर्थ चित्र काढून दाखवावा लागतो तेव्हा वाचणारे केवळ पंडित नसतात. कविता दरबाराच्या बैठकीत फिरत असली पाहिजे. 1500 च्या आसपास सुलतान नासिरशहासाठी सादीच्या ‘बुस्तान’ची सचित्र प्रत मांडूत तयार झाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुस्तान म्हणजे बाग, आणि 1258 मध्ये सादीने लिहिलेलं त्याचं भावंड ‘गुलिस्तान’ म्हणजे गुलाबांचा मळा. गुलिस्तानच्या प्रस्तावनेत मित्र बागेतून ओटीभर फुलं घेऊन निघतो, तेव्हा सादी त्याला म्हणतो की ही पाच-सहा दिवसांत सुकतील, मी तुला न सुकणारा मळा देतो. तो देतो काय, तर छोटे किस्से आणि त्यांना जोडलेल्या दोन-चार ओळी, त्यातही चावट, खोडसाळ, टोमणा मारणाऱ्या बऱ्याच. फुलं वाटणं आणि ओळी वाटणं ही त्याने एकाच सवयीची दोन रूपं मानली, आणि मांडूच्या सुलतानांना हाच लेखक हवासा वाटला. त्याच काळातल्या ‘निमतनामा’ या पाककृतींच्या पोथीत भल्या मिशांचा सुलतान गियासशहा फुलझाडांच्या गर्दीत बसून पदार्थ करवून घेताना पुन्हा पुन्हा दिसतो. ते चित्र शोकाचं खचितच नाही.

पुढे 1617 मध्ये जहांगीर इथे येऊन सात-एक महिने राहिला. त्याआधी त्याने तीन लाख रुपये खर्चून जुन्या इमारती दुरुस्त करवल्या, आणि तलावांच्या काठाने दिव्यांची रोषणाई झाली तिचं वर्णन स्वतः लिहून ठेवलं. नूरजहानने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारले ते याच मुक्कामात. त्यावर कुणा शायराने तिच्या पहिल्या नवऱ्याच्या शेरअफगन (वाघ लोळवणारा) या किताबावर कोटी करून जागच्या जागी दोन ओळी म्हटल्या अशी आख्यायिका आहे. बादशहासमोर बेगमेच्या पहिल्या नवऱ्याचा उल्लेख करायचा आणि मान शाबूत ठेवायची, हे दोन ओळींतच जमतं; लांबण लागली असती तर शायर अडचणीत आला असता.

हे सगळं हौशी सरदारांचं, वाफे खणणाऱ्या माळ्याचा त्यात काय संबंध, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप रास्त आहे. माळी सादी वाचत नव्हता. पण त्याच्याकडेही ओळी होत्या, आणि त्या आखूड असण्याचं कारण त्याच्या कामात होतं. मोट ओढताना बैल धावेवरून खाली जाईपर्यंत जेवढं गाणं मावेल तेवढंच. दारं धरणाऱ्याला एक वाफा भरेपर्यंत खोऱ्यावर रेलून उभं राहायला मिळतं, त्यात एखादा उखाणा किंवा कोडं बसतं. अरणच्या सावता माळ्याने (समाधी 1295) भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल पाहिला, तेव्हा त्याच्यापुढे मळ्याची ही बोली तयारच असावी. 1728 च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यात मराठ्यांचा जम बसला, धारला आणि देवासला पवारांच्या गाद्या आल्या. मराठी कुटुंबं तिकडे गेली ती आपले उखाणे, कोडी आणि भेंड्या घेऊनच गेली. ओळीला ओळ भिडवण्याच्या या खेळाला ना कागद लागतो ना दौत.

तोंडी गोष्टीला इतिहास कसा मानायचा, ती काल-परवाची कशावरून नाही, हा दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. त्याचं उत्तर झाडंच देतात. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. गियासशहाच्या परसात ती असणं शक्य नव्हतं, आणि आज मात्र मिरचीवर कोडं नाही असं मराठी गाव मिळणं कठीण. म्हणजे ही कोडी पाचशे वर्षांपेक्षा जुनी नाहीत, हे कबूल. पण तेवढ्यावरून हेही कळतं की नवं रोप अंगणात रुजलं की त्याच्यावरची थट्टाही तिथेच रुजते. जुनी ओळ हरवते, करण्याची रीत हरवत नाही. मांडूतली गोरखचिंच आफ्रिकेतून आली, आणि मुळं वर अन् फांद्या खाली असल्यासारखं तिचं ते पोट सुटलेलं खोड पाहून कुणालाच काही सुचलं नसेल, हे मला पटत नाही.

झेंडूही असाच परका, मेक्सिकोचा. आता त्याच्यावाचून दसऱ्याचं तोरण होत नाही. 1925 साली आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने आपल्या विडंबन-कवितांचा संग्रह काढला, तेव्हा गुलाब-मोगरा सोडून त्यांनी त्याला ‘झेंडूची फुले’ म्हटलं. रविकिरण मंडळाचे कवी त्या वेळी चहाच्या बैठकीत एकमेकांना कविता म्हणून दाखवत, आणि अत्र्यांनी थट्टा केली ती मुख्यतः या मंडळींची. ज्यांनी मूळ कविता कधी वाचली नाही अशा कितीतरी वाचकांना तिचं विडंबन पाठ असतं.