सात आकाशे आणि ग्रंथप्रामाण्य

कुराणात सात आकाशांचा उल्लेख आहे. त्यात आधुनिक विज्ञान असल्याचे काही प्रचारक सांगतात, जसे वेदांत विमाने होती असे आपल्याकडे सांगतात. पण सात आकाशांची कल्पना इस्लामपूर्व मेसोपोटेमियातही होती. नुसत्या डोळ्यांना दिसणारे सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह मिळून सातच होतात!

मुस्लिम खगोलशास्त्रज्ञ मोठे झाले ते प्रश्न विचारून. ११ व्या शतकात इब्न अल-हैथमने टॉलेमीच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिला. १२५९ मध्ये मराघा येथे नासिरुद्दीन तुसीने वेधशाळा उभारली. श्रेय या माणसांचे आहे, आयतींचे नव्हे.

मित्रांनो, बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीच्या मुळाशी असलेले शास्त्रप्रामाण्यच नाकारले. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले. कसोटी सर्व ग्रंथांना एकच लावा.